इथे काही होत नाही

निवृत्ती जवळ आली तसं सगळे मला एकच विचारायला लागले, "मग आता नाशिकला कधी?" नणंदेने तर तिच्या सोसायटीतला एक भाड्याचा फ्लॅट हेरूनही ठेवला होता. मी "बघू" म्हणायचे. खरं तर माझं बघून झालं होतं. केंद्र सरकारच्या नोकरीत माझी बदली झाली म्हणून आम्ही कलकत्त्याला आलो, तेव्हा मुलगी शाळेत जायची. ती इथेच वाढली आणि लग्न होऊन इंग्लंडला गेली. नवरा इथेच गेला, साध्या तापाचं निमित्त होऊन. नाशिकला मला ओळखणारे सगळे आम्हा दोघांना ओळखणारे होते. तिथे गेले असते तर रोज कुणीतरी त्याच्यासाठी हळहळलं असतं, आणि मला समोर उभं राहून मान हलवावी लागली असती. इथे निदान कुणी काही विचारत नव्हतं. एस्प्लनेडच्या ऑफिसातून निघायचं, मेट्रोतून उतरल्यावर भाजी घ्यायची, घरी येऊन रेडिओ लावायचा. एवढंच होतं, पण ते माझं होतं.

सरकारी क्वार्टर सोडावं लागणार होतं, म्हणून मी घरं बघायला लागले. ऑफिसातल्या तरुण मंडळींनी न्यू टाउन सुचवलं. एका रविवारी जाऊन आले. चकचकीत लॉबी, लिफ्टला आरसा, गेटवर गणवेशातला रखवालदार. फ्लॅटच्या खिडकीतून खाली बघितलं तर रुंद रस्ता होता आणि त्यावर एकही माणूस चालत नव्हता. मी परत आले.

डमडमचं घर मला जिन्यातच आवडलं होतं. गल्लीत तळं, तळ्याकाठी पाड्याचा क्लब. पाडा म्हणजे आपली आळी. क्लबात म्हातारे कॅरम खेळत बसलेले. इमारत जुनी, चार मजल्यांची, प्रत्येक मजल्यावर समोरासमोर दोन दारं. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट बरेच दिवस बंद होता. दलाल म्हणाला, "मालक मुलाकडे राहायला गेले. पाडा एकदम शांत आहे, मॅडम. सगळे शिकलेले लोक."

संध्याकाळी मुलीचा व्हिडिओ कॉल आला. ती माझ्याशी मराठीतच बोलते, पण तिची मराठी घरापुरतीच वाढली. लिंग चुकतं, मध्येच बंगाली शब्द येतो. कधीकाळी मी सुधारायचे, आता सोडून दिलंय. बोलते हेच पुष्कळ.

"आई, तिथला क्राइम कसा आहे ते बघितलीस?"

"म्हणजे कुठे बघू?"

"अगं, मॅप असतो ना. आम्ही आमचा घर घेतला तेव्हा आधी तेच बघितलं." तिने लगेच कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर फोन धरला. तिच्या गावाचा नकाशा होता आणि रस्त्यारस्त्यावर आकडे लिहिलेले छोटे गोल. "हे बघ, हा आमचा रस्ता. इथे सायकल चोरी झाला. इथे कुणीतरी खिडकी फोडली. पत्ता टाकला की सगळं येतं. कुणालाही बघता येतं."

"इथे असं काही नसतं गं."

"असणारच. नीट शोध. तू एकटी राहणार आहेस."

तो शेवटचा शब्द तिने नेहमीसारखाच उच्चारला. माझ्या कानात मात्र तो जरा मोठा वाजला.

मी शोधलं. शहराचे वर्षाचे आकडे सापडले. मोठमोठे तक्ते होते. गल्लीचं कुठेच काही नव्हतं. मग एक दिवस रजा टाकून मी सरळ पोलीस ठाण्यात गेले. टेबलापाशी एक तरुण अधिकारी होता. त्याने खुर्ची दिली, कागद पुढे ओढला आणि पेनचं टोपण काढलं.

"काय तक्रार आहे?"

"तक्रार नाही. मी इथे घर घेतेय. त्या गल्लीत चोऱ्या वगैरे किती होतात, ते विचारायला आलेय."

त्याने पेनाला टोपण लावलं. हसला नाही, हे त्याचं चांगलं. "असं विचारायला अजून कुणी आलं नव्हतं," तो म्हणाला. "गल्लीवार असं आमच्याकडे बाहेर द्यायला काही नसतं. आणि समजा मी सांगितलं की तिथे चोऱ्या होतात, तर उद्या तिथले लोक येऊन माझ्याशी भांडतील की आमच्या घरांचे भाव पाडले." मग कागद बाजूला सारून म्हणाला, "एफआयआर वेबसाइटवर येतात. नाजूक प्रकरणं सोडून बाकीचे. तारीख टाकायची, ठाणं निवडायचं. वेळ असेल तर वाचा."

वेळ माझ्याकडे होता.

त्या हिवाळ्यात माझे रविवार एफआयआर वाचण्यात गेले. जेवण झालं की चष्मा लावून लॅपटॉपसमोर बसायचे. एकेक दिवस उघडायचा. बऱ्याच तक्रारी हाताने लिहिलेल्या, बंगालीतल्या. मला बंगाली अक्षरं पहिलीच्या मुलासारखी जुळवून वाचता येतात. एकेका ओळीला बराच वेळ जायचा, पण ती ओळ मग मनात राहायची. बसमध्ये मोबाईल गेला. नळावरून दोन जावांची मारामारी झाली. दुकानाचं कुलूप तोडलं. एक म्हातारा वडील लिहीत होता की मुलगा घरात जेवू देत नाही. एका बाईने लिहिलं होतं की नवरा निघून गेला, त्याला शोधा, आणि शेवटी त्याने अंगात कोणता शर्ट घातला होता ते अगदी बारकाईने सांगितलं होतं. निळा, खिशावर शाईचा डाग. मी त्या गल्लीचं नाव शोधत होते आणि वाचत मात्र सगळ्यांचं होते. कधीकधी वाचता वाचता अंधार व्हायचा आणि लक्षात यायचं की सकाळपासून मी कुणाशी एक शब्दही बोललेले नाही.

त्या गल्लीत एक सायकल आणि मोटरसायकलचा आरसा, याहून जास्त काही सापडलं नाही. इमारतीचं नाव तर कुठेच नव्हतं.

या दिवसांतच माझी समोरच्या दाराशी ओळख झाली. फ्लॅट दुसऱ्यांदा बघायला गेले तेव्हा दलालाला किल्ली सापडेना. तेवढ्यात समोरचं दार उघडलं आणि एक सडपातळ म्हातारी बाई लोखंडी जाळीमागून म्हणाली, "उभ्या का? आत या." इथे वयस्क बाईला माशीमा म्हणतात, आपल्या मावशीसारखं. मीही तेच म्हणायला लागले. त्या शाळेत भूगोल शिकवायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. त्यांनी चहा केला. मी विचारलं, "माशीमा, इथे राहायला कसं आहे? एकट्या बाईला?"

"इथे काही होत नाही," त्या म्हणाल्या. फार पटकन म्हणाल्या. "तुम्ही या. अगदी निर्धास्त या."

नंतर मी घर बघायचं निमित्त काढून दोन-तीनदा गेले. खरं तर चहासाठीच जात होते. माशीमा बंगालीत बोलायच्या, मी हिंदी आणि मोडक्या बंगालीत. अहो-जाहोवरून त्या कधी अगं-तुगंवर आल्या ते कळलंही नाही. मी एकदा डब्यातून साबुदाण्याची खिचडी नेली. इथे साबुदाणा आजारी माणसाला देतात, त्यामुळे त्यांनी आधी घाबरून विचारलं, "तुला बरं नाही का?" मग दोनदा मागून खाल्ली.

करार करायच्या आधीच्या शनिवारी मी त्यांना एफआयआरची गंमत सांगितली. म्हणजे मला ती गंमत वाटत होती. "माशीमा, सगळं वाचून काढलं. तुमच्या इमारतीत पानसुद्धा हललेलं नाही. आता मी खात्रीने घर घेते."

त्या बशी पुसत होत्या. पुसतच राहिल्या. मग बशी खाली ठेवून म्हणाल्या, "ते मी लिहूनच दिलं नाही, तर तुला मिळणार कुठून?"

मला कळेना. त्या उठल्या, बाहेरचं दार नीट लागलंय का ते बघून आल्या आणि समोर बसल्या.

गेल्या वर्षीची गोष्ट, त्या म्हणाल्या. भर दुपार. बेल वाजली. दाराच्या भिंगातून बघितलं तर तोंडाला मास्क लावलेला माणूस, खांद्याला पिशवी. गॅसची नळी तपासायला आलोय म्हणाला. त्यांनी जाळी उघडली. मागून दुसरा आला. दोघांनी त्यांना उचलल्यासारखं करून बाथरूममध्ये कोंडलं आणि बाहेरून कडी लावली.

"मारलं नाही," त्या म्हणाल्या. "ढकललंसुद्धा नाही. मी आत उभी. मला बंद जागेत दम लागतो, लहानपणापासून. ओरडायला गेले तर आवाजच फुटेना. बाहेर कपाटं उघडल्याचे आवाज येत होते. मग आणखी एक पाऊल वाजलं. तिसऱ्याचं. तो कुठे शोधत नव्हता. सरळ देवघरात गेला. आणि म्हणाला, वरचं नाही, खालचं."

"मग?"

"तो आवाज मी ओळखला."

त्यांच्या धाकट्या बहिणीचा मुलगा होता तो. बहीण लवकर गेली, तेव्हा तो पाच-सहा वर्षांचा असेल. माशीमांनीच त्याला वाढवला. देवघरातल्या खालच्या खणात त्यांच्या आईच्या बांगड्या असतात हे त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

"ते गेले. म्हणजे दार लागल्याचा आवाज आला. मी म्हटलं, आता मी इथेच मरणार. दार नुसतं ढकलून बघितलं, तर उघडलं." माशीमा माझ्याकडे बघत होत्या, मला कळतंय की नाही याची जणू त्यांना खात्री करायची होती. "कडी काढून ठेवलेली होती. जाताना, हळूच. मला दम लागतो ते त्या दोघांना कुठून माहीत असणार?"

पोलिसांत का गेला नाहीत, हा प्रश्न तोंडापर्यंत आला होता. त्यांनीच उत्तर दिलं. "काय लिहून देऊ? कुणाचं नाव सांगू? शेजारी समजतात की मी आजारी पडले होते."

"आणि मला इथे काही होत नाही म्हणालात."

"हो, म्हणाले." त्यांनी पदराने डोळे नाही, चष्मा पुसला. "समोरचं दार बंद असलं की संध्याकाळी हा जिना फार मोठा वाटतो गं. तू आलीस तर बरं होईल, एवढंच डोक्यात होतं. पण तूही एकटी राहणार. तुला न सांगता झोप लागेना. आता तू येणार नाहीस, ते कळतंय मला."

मी काही वचन न देता निघाले. मेट्रोत बसायला जागा असूनही उभीच राहिले. मुलीला सांगितलं असतं तर ती काय म्हणाली असती ते मला माहीत होतं, म्हणून सांगितलं नाही. दलालाला फोन करून दुसरी घरं दाखवायला लावली. एक मोठ्या रस्त्याला लागून, एक बाजाराच्या मागे. दोन्ही ठिकाणी शेजाऱ्यांना विचारलं. दोन्ही ठिकाणी लोक हसून म्हणाले, काही नाही हो, शांत आहे. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचे. हे काय लपवताहेत, असं नव्हतं मनात. हे कधी काही सांगतील का, एवढंच मनात यायचं.

शेवटी मी डमडमचंच घर घेतलं. शहाणपणाचं होतं की नाही, मला अजून ठरवता येत नाही. दाराला आणखी एक कडी आणि साखळी बसवून घेतली. माशीमांच्याही दाराला बसवून दिली. सामान आलं त्या दिवशी त्यांनी मला स्वयंपाक करू दिला नाही.

ते वर्ष चांगलं गेलं. सकाळी त्या जाळी वाजवून विचारायच्या, "उठलीस?" मी म्हणायचे, "उठले." बस, एवढंच. पण कुणीतरी आपल्याला उठलीस का विचारतंय, यासाठी माणूस लवकर उठतो.

दुर्गापूजेनंतर विजयादशमी, इथली 'विजया', आली. दुर्गा विसर्जनानंतर इथे धाकटे मोठ्यांच्या घरी जाऊन पाया पडतात, गोड खातात. आपण दसऱ्याला सोनं द्यायला जातो तसंच. सकाळी माशीमांनी जाळी वाजवली ती नेहमीपेक्षा जोरात. "दुपारी माझ्याकडे येऊन बस. तो येणार आहे."

मी गेले. गुळाच्या नारळाच्या लाडवांचा वास घरभर पसरला होता. वाटाण्याची घुगनी झाकून ठेवलेली. बेल वाजली तेव्हा आम्ही दोघी एकदमच उठलो, आणि मग त्यांनी मला हाताने खाली बसवलं.

मी काय कल्पना केली होती कोण जाणे. आला तो चाळिशीचा, केस विरळ झालेला, चष्मा लावलेला माणूस. औषधांच्या दुकानात कामाला होता. हातात मिठाईचा पुडा. वाकून मावशीच्या पाया पडला. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ उचलला नाही. मग तो माझ्याकडे वळला आणि मी नको नको म्हणेपर्यंत माझ्याही पाया पडला.

"समोर राहायला आलात ना तुम्ही? बरं झालं. मावशी एकटी असते, मला काळजी वाटते." मग हसून म्हणाला, "तुम्हीही एकट्याच?"

"मुलगी येऊन जाऊन असते," मी खोटं बोलले.

माशीमा त्याला वाढत होत्या. बायको कशी आहे, मुलीचा खोकला गेला का, एवढा का वाळलास. तो मान खाली घालून खात होता, घाईघाईने, भुकेल्या मुलासारखा. खाऊन झाल्यावर हात धुवायला आत गेला. आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता बसलो. नळ वाजला, बंद झाला. मग तो बाहेर आला आणि रुमालाला हात पुसत म्हणाला, "मावशी, बाथरूमची बाहेरची कडी ढिली झालीये. काढून टाकू का?"

माझ्या हातातला लाडू हातातच राहिला. तो मावशीकडे बघत नव्हता, भिंतीकडे बघत होता.

"राहू दे," माशीमा म्हणाल्या. मग घुगनीवरचं झाकण सारखं करत म्हणाल्या, "नाहीतर काढ. मला काय उपयोग तिचा?"

त्याने कपाटावरचा स्क्रू ड्रायव्हर न विचारता घेतला. तो कुठे असतो ते त्याला माहीत होतं. आम्ही आतला खुडखुड आवाज ऐकत बसलो. कडी आणून त्याने टेबलावर ठेवली, परत पाया पडला आणि गेला.

मी दोन्ही कड्या लावून आले. "माशीमा, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. म्हणून तर तुला बसवलं."

"मग त्याला येऊ नको म्हणायचं."

त्यांनी त्याची बशी उचलली. "तो नाही आला तर विजयाला माझ्याकडे येणार कोण?" त्या म्हणाल्या. "वरच्या मजल्यावरचे फोनवर फुलांची चित्रं पाठवतात."

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी जाळी वाजली नाही. मी वाट बघितली, मग त्यांनी माझ्याकडे ठेवलेल्या किल्लीने दार उघडलं; आतली कडी त्या दिवशी लावलेली नव्हती. त्या शुद्धीत होत्या, पण एक हात उचलत नव्हता. इस्पितळातून मी त्यालाच फोन केला. दुसरं कुणी नव्हतंच. तो आला आणि शेवटपर्यंत राहिला. बाहेरच्या बाकावर झोपायचा, औषधं स्वतः आणायचा, त्यांचे केस विंचरायचा. त्यांनी जाण्यापूर्वी त्याला काही सांगितलं का, त्याने काही कबूल केलं का, मला माहीत नाही. मी खोलीत असताना ते दोघं फक्त जेवणाबद्दल बोलत. अग्नी त्यानेच दिला. विद्युतदाहिनीचं दार बंद झालं तेव्हा तो शर्टाच्या बाहीत तोंड घालून रडला. मी क्लबातल्या माणसांबरोबर मागे उभी होते. ते रडणं खोटं आहे असं म्हणायला मी फार शोधलं, सापडलं नाही.

फ्लॅट आता त्याच्याकडे आहे. बंदच असतो. आमच्या मराठी मंडळातली माझ्या वयाची माणसं एकेक करून पुण्या-मुंबईकडे परतली, गणपतीला आता सगळे नवे चेहरे दिसतात. मुलगी म्हणते, "आई, इथे ये." जाईनही कदाचित.

परवा दुपारी बेल वाजली. भिंगातून बघितलं तर तो होता. साखळी तशीच ठेवून मी दार उघडलं. घर झाडायला आलो होतो म्हणाला, पाणी मिळेल का. मी फटीतून ग्लास दिला. त्याने जिन्यातच उभं राहून पाणी प्यायलं.

"तुम्ही बऱ्या आहात ना, मावशी?"

"बरी आहे."

"काही लागलं तर सांगा."

ग्लास परत देऊन तो निघाला. मी त्याला आत बोलावलं नाही. पण त्या आठवड्यात माझ्या दाराची बेल वाजवणारा तो एकटाच होता, आणि त्याची पावलं खालच्या दारापर्यंत पोचून ऐकू येईनाशी होईपर्यंत मी ग्लास हातात धरून तिथेच उभी होते.